टॅली शीटवर ‘पुष्कळ’ लिहिता येत नाही

गोदीत मी 31 वर्षं टॅली क्लार्क होतो. काम सांगायला सोपं. जहाजाच्या हॅचमधून (कोठाराच्या तोंडातून) स्लिंग, म्हणजे मालाची झोळी, वर आली की तिच्यातले नग मोजायचे, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, पाळी संपली की बेरीज आणि खाली सही. 1986 साली एका रातपाळीला साखरेची पोती उतरत होती. अडीचच्या सुमाराला पाऊस कोसळला, ताडपत्र्या ओढायची पळापळ झाली आणि तीन स्लिंगा मोजायच्या राहिल्या. मी त्या अंदाजाने भरल्या. सकाळी मॅनिफेस्टशी, म्हणजे जहाजाच्या मालाच्या यादीशी, मेळ बसेना, 22 पोती शॉर्ट. वरच्या साहेबांनी आवाज न चढवता एवढंच सांगितलं, “अंदाज घरी करत जा, इथे मोजा.” मेमो मिळाला तो वेगळा.

हे आठवायचं कारण म्हणजे कुलाब्याचं अफगाण चर्च. भाचीचे यजमान नौदलात आहेत, त्यामुळे नेव्ही नगरला अधूनमधून जाणं होतं. त्या स्टॉपवरून मी शेकडो वेळा गेलो असेन. आत जायचं कधी मनात आलं नाही. एकदा बस तिथेच बंद पडली. मागची येईपर्यंत उन्हात कशाला उभं राहायचं, म्हणून आत शिरलो. बाहेर घामाच्या धारा आणि आत एकदम गारवा. उंच रंगीत काचा, खाली नक्षीची फरशी. 1858 साली या चर्चची प्रतिष्ठापना झाली, शिखर पुढे 1865 मध्ये पुरं झालं. ते दोनशे फुटांच्या आसपास आहे. बंदरात शिरणाऱ्या जहाजांना ते लांबून दिसायचं, हे मला जहाजं धक्क्याला आणणाऱ्या आमच्या एका जुन्या पायलटने सांगितलं होतं.

भिंतीवर लेख आहे. त्याचा अर्थ असा: सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत आजाराने किंवा तलवारीने जे अधिकारी पडले त्यांची नावं या भिंतींवर लिहिली आहेत, आणि हवालदार-नाईक, साधे शिपाई यांच्याही स्मरणार्थ हे चर्च आहे, पण ते इतके जास्त आहेत की त्यांची तशी नोंद करता येत नाही.

मी ते तीनदा वाचलं. जास्त आहेत म्हणून नोंद नाही? अहो, जास्त असतात म्हणून तर नोंद करायची असते! दोन पोती असली तर ती कुणाच्याही लक्षात राहतील.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. त्या ‘साध्या शिपायां’त गोरे टॉमीही आले, म्हणजे हा निव्वळ काळ्या-गोऱ्याचा मामला नाही. आणि ‘आजाराने’ हा शब्द ‘तलवारीने’च्या आधी आहे, तेवढा मात्र लिहिणाऱ्याचा प्रामाणिकपणा. त्या काळच्या लढायांत पटकी, ताप आणि हगवण यांनी तोफांपेक्षा जास्त माणसं नेली.

तेव्हापासून मला या व्हिक्टोरिया राणीच्या सेनापतींचा नाद लागला. बायको म्हणते, निवृत्तीनंतर लोक विष्णुसहस्रनाम धरतात, ह्यांनी जनरल धरले.

आपल्याला एल्फिन्स्टन म्हटलं की कॉलेज आठवतं, नाहीतर ते स्टेशन, जे 2018 मध्ये प्रभादेवी झालं. कॉलेजवाला माउंटस्टुअर्ट, म्हणजे पेशवाई बुडाल्यावर मुंबईचा गव्हर्नर झाला तो. त्याच्याच भाऊबंदांपैकी विल्यम एल्फिन्स्टन हा जनरल 1841 साली काबूलला सरसेनापती होता. वय साठीच्या घरात, संधिवाताने पाय धरलेले, घोड्यावर बसायची मारामार, आणि निर्णय शेवटी ज्याचं बोलणं ऐकलं त्याचा. गंमत अशी की माउंटस्टुअर्ट 1809 मध्ये पेशावरला जाऊन अफगाणांचा तेव्हाचा राजा शाह शुजा याला स्वतः भेटलेला होता. शुजाला पुन्हा गादीवर बसवायची ही मोहीम ठरली तेव्हा त्याने लिहिलं होतं की काबूल घ्याल, शुजाला गादीवरही बसवाल, पण त्याला तिथे टिकवून ठेवणं अशक्य आहे. म्हाताऱ्याचं ऐकलं कुणी नाही.

6 जानेवारी 1842 ला काबूलहून माघार सुरू झाली. सुमारे साडेचार हजार लढवय्ये आणि बारा हजार बाजारबुणगे, म्हणजे भिश्ती, मोतद्दार, आचारी, त्यांच्या बायका आणि पोरं. खिंडींत बर्फ आणि वरून गोळ्या. 13 तारखेला डॉ. ब्रायडन एकटा घोड्यावरून जलालाबादला पोचला, आणि ‘सगळ्या सैन्यातून एकच माणूस वाचला’ ही कथा जगभर झाली. टॅलीच्या भाषेत हा हिशेब चुकीचा आहे. मागून काही हिंदी शिपाई रखडत-रखडत आले, ओलीस धरलेली माणसं त्याच वर्षी सुटली. एक हा आकडा कसा आला, ते मोजणारा कुणाला माणसांत धरत होता यावरून कळतं.

ही बुडालेली फौज बंगालची. मुंबईची फौज तीन वर्षं आधी सर जॉन कीनच्या हाताखाली सिंधूच्या मुखाशी उतरून वर गेली होती. 23 जुलै 1839 ला दरवाजा सुरुंगाने उडवून गझनी घेतलं आणि कीनसाहेब ‘गझनीचा बॅरन’ झाला.

ही किताबांची पद्धत मला फार मजेशीर वाटते. आमच्याकडे कोकणात गावावरून आडनाव पडतं. वाडवडील जिथे जन्मले, जिथली माती खाल्ली ते गाव आणि पुढे ‘कर’. ह्यांचं उलट, जे गाव जाऊन मोडलं त्याचं नाव लावायचं. कीन गझनीकर. रॉबर्ट्स कंदाहारकर. सर ह्यू रोजने 1858 मध्ये मुंबईच्या पलटणी घेऊन झाशी पाडली, तर त्याच्या सरदारकीच्या नावात झाशीसुद्धा आली. आणि रॉबर्ट नेपियर मगदलाकर, तिकडे आफ्रिकेतल्या एका किल्ल्यावरून! (जाता जाता: नेपियन सी रोडचा आणि ह्याचा संबंध नाही. तो सर इव्हन नेपियन, 1812 ते 1819 मुंबईचा गव्हर्नर. मीही कैक वर्षं तोच समज करून बसलो होतो.)

या नेपियरपाशी मी सगळ्यात जास्त रेंगाळलो, कारण त्याची मोहीम लढाईपेक्षा मालवाहतुकीची जास्त आहे आणि निघाली ती आपल्या मुंबईतून.

सुरुवात एका पत्राने झाली. ॲबिसिनियाचा, म्हणजे आजच्या इथिओपियाचा, सम्राट तेवोद्रोस याने 1862 मध्ये व्हिक्टोरिया राणीला पत्र पाठवलं. ते लंडनच्या परराष्ट्र खात्यात पडून राहिलं, उत्तर गेलंच नाही. कचेरीत काम केलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. पण हा पक्षकार हेलपाटे घालणारा नव्हता. त्याने इंग्रज सरकारचा वकील (कॉन्सल) कॅमेरॉन, मिशनरी आणि मागून बोलणी करायला आलेला होर्मुझ्द रस्साम यांना बेड्या घातल्या. त्यांना सोडवायला फौज पाठवायचं ठरलं आणि काम सोपवलं मुंबई फौजेचा सरसेनापती नेपियर याच्याकडे. हा मूळचा इंजिनिअर, रस्ते-कालवे बांधलेला माणूस. म्हणून त्याने आधी लढाईचा नाही, धक्क्याचा विचार केला.

आकडे बघा. 13 हजार हिंदी आणि गोरे सैनिक, त्यांच्यामागे 26 हजार बिनलढवय्ये, 40 हजारांवर जनावरं, त्यांत 44 हत्ती. जहाजं 280 च्या वर. आणि हे सगळं कधी, तर 1867 मध्ये. मुंबईत तेव्हा आजच्यासारखी गोदी नव्हती. प्रिन्सेस डॉक सुरू झाला 1880 साली, पोर्ट ट्रस्टसुद्धा 1873 चा. जहाजं खाडीत नांगरून उभी राहायची आणि माल बंदरांवरून पडावांतून, म्हणजे होड्यांतून, जायचा. म्हणजे प्रत्येक नग दोनदा उचलायचा, भरती-ओहोटी बघून.

हत्तींचं मला राहून राहून वाटतं. आमच्या वेळी एकदा शर्यतीचा एक घोडा लाकडी पेटीतून उतरवला होता. पेटी क्रेनला लटकून वर गेली आणि आतून तो असा किंचाळला की सगळी गँग जागच्या जागी थिजली. क्रेनचा विंच चालवणारा तोंडातली तंबाखू थुंकायचं विसरला. पेटी खाली टेकल्यावर मी शीटवर ‘1 नग, जिवंत’ असं लिहिलं आणि लिहिताना हात कापला होता. एका घोड्याची ही कथा. इथे 44 हत्ती, आणि तिकडे उतरल्यावर त्यांनी जड तोफा पाठीवर घेऊन डोंगर चढायचे.

तांबड्या समुद्रावर झुला नावाच्या ठिकाणी पहिली तुकडी ऑक्टोबर 1867 मध्ये उतरली. तिथे गोडं पाणी नव्हतं. बोटींची यंत्रं चालवून समुद्राचं पाणी उकळायचं, वाफ थंड करायची आणि ते माणसा-जनावरांना मापाने द्यायचं. सातशे यार्ड लांबीचा धक्का बांधला. आत डोंगराच्या दिशेने दहा-अकरा मैल रूळ टाकले, हिंदुस्थानातून इंजिनं नेली. ऐकायला सगळं झोकदार. पण पहिल्या दोन महिन्यांत घोटाळा झालाच. खेचरं देशोदेशींहून आली ती पाण्याची, चाऱ्याची सोय होण्याआधीच. बांधायला दोर होते, ते चावून जनावरं मोकाट सुटली आणि किनाऱ्यावर तहानेने, रोगाने शेकड्यांनी मेली. खेचरवाल्यांची खोगीरभरती, एकाची भाषा दुसऱ्याला कळेना. माल आधी आणि शेड मागाहून, हे गोदीत ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. जानेवारी 1868 मध्ये नेपियर स्वतः उतरला तेव्हा हे हळूहळू मार्गी लागलं.

पैशाची एक गंमत. त्या मुलखात लोक रुपये घेईनात, पौंडही घेईनात. त्यांना चाले फक्त ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीचा 1780 सालचा चांदीचा डॉलर. राणी मरून 87 वर्षं झाली होती. शेवटी व्हिएन्नाच्या टांकसाळीत तेच जुनं साल घालून नवी नाणी पाडून घेतली.

पार्लमेंटने आधी 20 लाख पौंड मंजूर केले होते. प्रत्यक्षात खर्च 85 लाखांच्या पुढे गेला, त्यात जहाजांच्या भाड्याचा वाटा मोठा. जहाज उभं राहिलं की मीटर चालू, हे तेव्हाही होतं. आणि हिंदी सैनिकांचा नेहमीचा पगार मात्र हिंदुस्थानच्या तिजोरीतूनच. आपले दादाभाई नवरोजी तेव्हा लंडनमध्ये होते. त्यांनी 1867 सालीच या खर्चावर निबंध वाचून विचारलं होतं की लढाई तुमची, तर भार आमच्यावर का?

लढाई म्हणाल तर एका परिच्छेदाची. किनाऱ्यापासून चारशे मैल चालून फौज मगदलाच्या पायथ्याशी पोचली. 10 एप्रिल 1868, गुड फ्रायडे. अरोगीच्या पठारावर तेवोद्रोसची माणसं भाले आणि जुन्या बंदुका घेऊन धावून आली. समोर मागून भरायच्या नव्या स्नायडर रायफली. साधारण 700 मेले, 1200 जखमी. नेपियरच्या बाजूला जखमी 20, त्यांतले दोन पुढे दगावले. शत्रूकडचे आकडे कसे गोल आहेत बघा! 13 तारखेला किल्ला घेतला. तेवोद्रोसने स्वतःला गोळी घातली, आणि तो पिस्तूल राणीनेच एकेकाळी भेट पाठवलेला. कैदी तर त्याने आधीच सोडून दिले होते.

मग लूट. चर्चमधली हस्तलिखितं, मुकुट, क्रूस वाहून न्यायला 15 हत्ती आणि दोनशेच्या आसपास खेचरं लागली. ब्रिटिश म्युझियमचा माणूस लिलावात खरेदी करायला हजर होता. निघताना मगदला पेटवून दिली. तेवोद्रोसचा सात वर्षांचा मुलगा आलेमायेहू याला इंग्लंडला नेलं. तो 18 व्या वर्षी तिथेच वारला, विंडसरला पुरलाय. त्याच्या मायदेशाने अवशेष परत मागितले, अजून मिळालेले नाहीत.

नेपियरला मी कमी लेखत नाही. त्याने मोजून काम केलं, पोचला, काम झाल्यावर परत निघाला, मुलूख गिळून बसला नाही. त्या काळच्या जनरलांत हे दुर्मीळ. पण हत्ती 44 आणि बाकीचे ‘26 हजार बिनलढवय्ये’, इथे माझी गाडी अडते. त्या 26 हजारांत कोण होते? आपल्याच किनाऱ्यावरचे, घाटावरचे कितीतरी असणार.

हे सगळं मी आमच्या जुन्या मुकादमांना फोनवर ऐकवत असतो. बावीस वर्षं आम्ही एका शेडवर काढली. ते मला अजून ‘टॅलीसाहेब’ म्हणतात, मी त्यांना मुकादमच. मूळचे दापोलीचे, कॅम्प दापोली. पेन्शनीत निघालेल्या शिपायांची ती जुनी वसाहत. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजीही फौजेतून निवृत्त झाल्यावर काही काळ तिथेच राहिले. मुकादम दर 1 जानेवारीला भीमा कोरेगावला जातात. तिथल्या स्तंभावर 1818 च्या लढाईत पडलेल्यांची नावं कोरलेली आहेत, 49. त्यांतली 22 ‘नाक’ने संपणारी, म्हणजे महार शिपायांची. कुलाब्याच्या लेखाबद्दल सांगितलं तेव्हा ते पटकन म्हणाले, “आमच्याकडं तर दगडावर नावं हायत की! मग पुढं ह्यांचा दगड महाग झाला काय?”

मला उत्तर सुचलं नाही. पुढचं मात्र त्यांना ठाऊक होतं. अफगाणिस्तानच्या दुसऱ्या लढाईत, 27 जुलै 1880 ला, कंदाहारजवळ मैवंद इथे जनरल बरोज याची मुंबईची ब्रिगेड अफगाणांच्या अयुबखानाकडून मार खाऊन फुटली. अडीच हजारांतले जवळजवळ हजार पडले. कडक ऊन, पाण्याचे हाल, समोर दुपटीहून जास्त तोफा आणि पलटणींत कोवळे रंगरूट. पण बोल लागला तो मुंबईच्या शिपायाला. महिन्याभरात रॉबर्ट्स काबूलहून दहा हजार फौजेनिशी तीनशे मैल चालून आला आणि 1 सप्टेंबरला अयुबखानाला हरवलं. पुढे 1885 ते 1893 तो हिंदुस्थानचा सरसेनापती. दक्षिणेकडची आणि मुंबईकडची माणसं लढाऊ नाहीत, खरे लढवय्ये उत्तरेचे, हे त्याचं पक्कं मत. ‘लढाऊ जाती’ म्हणतात ते हेच. त्याला कंदाहारचा किताब 1892 मध्ये मिळाला आणि त्याच सुमाराला महारांची भरती बंद झाली. दापोलीच्या पेन्शनरांची पोरं मग मुंबईला गिरणीत, गोदीत लागली. मुकादमांचे आजोबा त्यांतलेच.

गेल्या महिन्यात मुकादमांचा फोन आला. नायगावच्या बीडीडी चाळीतली खोली रिकामी करायची, सामान बांधताना काहीतरी सापडलंय, येऊन बघा. गेलो. वहिनींनी बिस्किटांचा गंजका डबा पुढे ठेवला. आत काळ्या दोऱ्यात ओवलेलं चांदीचं एक पदक, वर मुकुट, मध्ये डोक्यावर पदर घेतलेली राणी, तिच्याभोवती नऊ टोकांची चांदणी. टोकांच्या मधल्या खाचांत एकेक इंग्रजी अक्षर. मी बोट फिरवत वाचलं: ॲबिसिनिया. नऊ अक्षरं, नऊ खाचा.

“आमची आजी बाळांच्या गळ्यात घालायची,” मुकादम म्हणाले. “दृष्ट लागू नये म्हणून. मीबी घातलंय, माझी पोरंबी.”

मागच्या बाजूला पानांच्या वेढ्यात नाव आणि पलटण. या मोहिमेच्या पदकावर प्रत्येकाचं नाव घालून दिलं होतं हे मी वाचलं होतं, प्रत्यक्ष बघत होतो पहिल्यांदा. ज्या सरकारला भिंतीवर जमलं नाही ते चांदीवर जमलं होतं. चाळिशी कपाळावर सरकवून मी खिडकीशी गेलो. शेवटची तीन अक्षरं स्पष्ट होती: एन, ए, के. पहिली अक्षरंही लागली. मधलं एक मात्र चार पिढ्यांच्या बाळांच्या छातीवर घासून घासून सपाट झालेलं. आर म्हणावं तर आर, बी म्हणावं तर बी. दोन्हींनी नावं होतात, पण वेगवेगळी. मुकादमांनी दापोलीला थोरल्या बहिणीला फोन लावला. आक्का म्हणाल्या, आजोबांचे आजोबा एवढंच ऐकलंय, नाव कोण घेत होतं?

“मराठीत लिवून द्या,” मुकादम म्हणाले, “डब्यात ठेवतो. पोरांना इंग्रजी वाचता येतं, पण हे नाही वाचता येणार.”

मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं. झिजलेल्या अक्षराच्या जागी एक टिंब ठेवलं.

“अहो, भरा की अंदाजानं,” ते म्हणाले.

“नाही,” मी म्हटलं. खाली पलटण लिहिली, 1868 लिहिलं, आजची तारीख टाकली आणि सही केली.